प्रश्न क्रमांक अकरा

पाटणकर बाजारातून आलात ना? जिन्याला दोर बांधलाय,
जानेवारीत तो ओला लागतो हाताला.
बसा. हीटर तुमच्याकडे करते,
मला आता थंडी पूर्वीसारखी वाजत नाही.
पूर्वी मे महिन्यात, लष्करची दुपार पत्र्यावर तडतडत असताना
मी स्वेटर घालून भाजी निवडायचे,
आणि समोरची म्हणायची, रक्त कमी असेल हो हेमावहिनींना.

टेप चालू आहे?
तुमच्या कागदावर मी जी-सतरा. बरं वाटतं ते.
नाव बदलण्याची सवय आहे, सासरी आले तेव्हाही बदललंच होतं.

अकरावा प्रश्न तुम्ही वाचता:
गेल्या महिन्यात किती वेळा ठरवून जेवण टाळलंत?
खाली चार चौकोन.

बाई, हा प्रश्न कुठून आणलात माहीत नाही,
पण त्यात वार विचारायचा राहिला.
सोमवार शंकराचा. गुरुवार दत्ताचा. शनिवार मारुतीचा,
चतुर्थी, दोन एकादश्या, प्रदोष,
आणि उरलेल्या वारी ॲसिडिटी.
कुणी अडवलं नाही. उलट पाया पडले.
जाऊबाई म्हणाल्या, हिच्या तोंडावर देवीचं तेज आहे.
तेज कसलं, गालफडं होती.
साबुदाण्याची वाटी मी ताटात पसरायचे
रांगोळीसारखी, जेवल्यासारखं दिसेपर्यंत.

देवाला ठाऊक होतं? असणार.
तेरा वर्षं मी माझं खोटं त्याच्या नावावर खपवलं
आणि तो पाटावर गप्प बसून राहिला,
नैवेद्याला हात न लावता.
आम्ही दोघंही तसलेच.

भूक नव्हती असं लिहू नका.
होती. कुलूप लावलेल्या खोलीत
कुणी भांडी आपटावीत तशी.
मी दाराबाहेर उभी राहून सांगायचे, घरात कुणी नाही.

बरी कधी झाले, त्याला चौकोनच नाही तुमच्याकडे.
कंपूच्या रस्त्यावर पडले एकदा, रिक्षातून उतरताना.
दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या उपासाला दुसरं नाव दिलं.
राग आला. दोन महिने नुसता राग होता.
मग गोळ्या, मग ती आहारवाली मुलगी आणि तिची वही,
मग शुक्रवारची एक बाई, जी फक्त ऐकायची.
सगळ्यांचे उपकार आहेत.
पण पोळी घशाखाली गेली ती प्रभाकरमुळे.
नवरा नाही हो, धाकटा दीर.
वीज मंडळातून दीडला जेवायला यायचा,
समोर बसायचा, माझ्या पानाकडे बघायचा नाही.
फ्यूज, ट्रान्सफॉर्मर, कुणी आकडा टाकलाय, सांगत राहायचा.
माझी अर्धी पोळी संपेपर्यंत
त्याचा कुठलाच ट्रान्सफॉर्मर दुरुस्त व्हायचा नाही.
हे तुमच्या अभ्यासात कुठल्या रकान्यात जाईल?
नसेल रकाना तर कडेला लिहा: दीर.

गेलंय पूर्ण, असं नाही.
चतुर्थीला मी भर दुपारी जेवते, दार उघडं टाकून,
आणि अजून एखादा घास हातात दगड होतो.
होऊ दे. दगड हातात धरून बसायला शिकले.

घ्या, गजक घ्या. मुरैन्याची आहे, कालच कुटलेली.
थंडीत इथे पाहुण्याला तसं सोडत नाहीत.

छान आहे म्हणालात. तुकडा मोडलात.
मोडलेल्या तुकड्याचा तुकडा मोडलात.
तीळ एकेक करून बशीच्या कडेला लावलेत,
आणि मी हीटर सरकवायला वाकले तेवढ्यात
उरलेली रुमालात गेली.
ती घडी, चारी कोपरे आत आणि मग उलटी,
मला वाटायचं फक्त मलाच येते.

टेप बंद करा, शाल्मली.
कागद इकडे द्या. पेनही.
दीड वाजत आला. प्रभाकर येईल,
रिटायर झाला तरी दीडलाच येतो.
तुम्ही त्या बाजूला बसा, मी इथे.
आम्ही बघणार नाही.